बांच्या स्टुलाची जागा

विरार स्थानकाच्या पश्चिमेला उतरून आगाशीच्या मुनिसुव्रतस्वामींच्या दर्शनाला निघालेली माणसे बोळिंजवरूनच पुढे जातात. एकेकाळी ह्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना केळीच्या आणि भाजीपाल्याच्या वाड्या होत्या. आज म्हाडाच्या वसाहतीच्या उंच इमारती आणि त्यांच्या आसपास उभी राहिलेली खासगी संकुले दिसतात. नव्या घरात देव्हाऱ्याची दिशा आधी ठरते, तिजोरीची जागा नंतर आणि स्वयंपाकघराचा विचार बहुधा सर्वांत शेवटी, तोही रंगापासून सुरू होतो. बोळिंजच्या एका व्यापारी कुटुंबातही तो तसाच सुरू झाला होता.

कुटुंब कापडाच्या दुकानावर चालणारे. बा, त्यांचा मुलगा, सून आणि कॉलेजात जाणारा नातू. नव्या घराचा ताबा मिळाला होता आणि अक्षय्यतृतीयेला कुंभ ठेवायचा हे बांनी ठरवून टाकले होते. हातात जेमतेम तीन महिने होते. स्वयंपाकघर नऊ फूट लांब, सात फूट रुंद. लांब भिंतीला बिल्डरने बांधून दिलेला ग्रॅनाइटचा ओटा, खाली कडप्प्याचे गाळे. खिडकीच्या भिंतीला तोच ओटा वळून आलेला आणि त्यात सिंक. ओट्याखाली ट्रॉल्या, वर भिंतीवर कपाटे आणि समोरच्या भिंतीला फ्रिज व उंच कपाट, एवढेच काम होते.

एवढ्या कामासाठी संगणकावर आराखडा काढण्याचा आग्रह सुनेचा होता आणि त्याला कारण होते. दहा वर्षांपूर्वी जुन्या घरातले स्वयंपाकघर एका शोरूममध्ये पडद्यावर चित्र पाहून पसंत केले होते. चित्र देखणे होते: पांढरीशुभ्र शटरे, फळांची परडी, मंद प्रकाश. प्रत्यक्षात फ्रिजचे दार भिंतीला अडून अर्धेच उघडत असे, म्हणून भाजीचा खालचा खण कधी पूर्ण बाहेर आला नाही. कोपऱ्यातले कपाट दोन फूट खोल आणि अंधारे. त्याच्या तळाशी हात पोहोचत नसल्यामुळे ते झाडता येत नव्हते. पावसाळ्यात तिथे झुरळे झाली तेव्हा औषध फवारावे की नाही ह्यावरून घरात दोन दिवस अबोला होता. ज्या घरात गॅस पेटवण्यापूर्वी शेगडीवरून पूंजणी फिरते, त्या घरात हात न पोहोचणारा कोपरा ही केवळ गैरसोय नसते. बांनी तेव्हा तोंडाने काही म्हटले नाही. पण त्या कपाटात त्यांनी पुन्हा काही ठेवले नाही.

ह्या वेळीही मुलगा एका शोरूममध्ये जाऊन चित्र घेऊन आला. अर्ध्या तासात तयार झालेले, आधीच्याहून देखणे. दुसऱ्या दिवशी आगाऊ रक्कम भरायची होती. सुनेने विचारले, "ह्यात आपल्या ओट्याखालचे गाळे कुठं आहेत?" चित्रात गाळे नव्हतेच. तिथला ओटा अखंड होता, खाली एकसारख्या पाच पेट्या होत्या आणि खोली काटकोनात होती. दुकानाचा जीएसटीचा हिशेब सूनच पाहते. जुळत नसलेला आकडा तिला पटकन दिसतो. रक्कम भरणे लांबणीवर पडले.

मग मापे घेण्याचा रविवार आला. वाडीतले सुतारमिस्त्री मूळचे राजस्थानचे. मापे फूट, इंच आणि सूतात बोलणारे. एका इंचाचे आठ सूत, म्हणजे एक सूत तीन मिलिमीटरहून किंचित अधिक. त्यांनी सर्वांत आधी कोपरा तपासला. एका भिंतीवर कोपऱ्यापासून तीन फुटांवर खूण केली, दुसऱ्या भिंतीवर चार फुटांवर. दोन्ही खुणांमधले तिरपे अंतर बरोबर पाच फूट भरले तर कोपरा गुण्यात. ते भरले पाच फूट चार सूत. "भाभी, दीवार गुण्यात नाही," एवढे बोलून ते पुढच्या मापाकडे वळले. त्यांच्या लेखी ही रोजची गोष्ट होती. कडप्प्याचे गाळेही एकसारखे नव्हते. दुसरा गाळा पुढून एक फूट नऊ इंच तीन सूत, मागून दोन सूत कमी. प्रत्येक गाळ्याचे माप पुढे, मागे, वर आणि खाली घ्यायचे आणि सर्वांत लहान ते खरे मानायचे, हा नियम नातवाने वहीत लिहून घेतला.

ह्या वहीनेच पुढे सॉफ्टवेअरची परीक्षा घेतली. स्वयंपाकघर आखणारी सॉफ्टवेअरे आज इतकी आहेत की त्यांच्या यादीनेच माणूस दमतो. सुनेने सगळ्यांसाठी एकच कसोटी ठरवली: दुसरा गाळा जसा आहे तसा काढून दाखवा. एक फूट नऊ इंच तीन सूत म्हणजे सुमारे ५४३ मिलिमीटर.

पहिली पाळी आयकियाच्या आराखड्याची आली. ह्या स्वीडिश कंपनीचे भारतातले पहिले दालन २०१८ साली हैदराबादला उघडले आणि २०२० च्या डिसेंबरात नवी मुंबईत तुर्भ्याला दुसरे. तिचा आराखडा फुकट वापरता येतो आणि वापरायला सोपाही आहे, पण तो तिच्याच पेट्यांसाठी आहे. त्या पेट्या ४०, ६०, ८० सेंटीमीटर अशा ठरलेल्या पायऱ्यांनी वाढतात. मोकळ्या भिंतीवर संपूर्ण नवे स्वयंपाकघर बसवायचे असेल तर ह्यात काही वावगे नाही. किंमतही लगेच कळते. पण कडप्प्याच्या गाळ्यात ६० ची पेटी शिरत नाही आणि ४० ची बसवली तर साडेपाच इंच वाया जातात. ओटा फोडायचा नसेल तर हा मार्ग बंद.

ब्राउझरमध्ये चालणारी इतरही काही सॉफ्टवेअरे नातवाने उघडली. त्यांत सोफे, झुंबरे, कुंड्या भरपूर. चांगल्या प्रतीचे चित्र किंवा पूर्ण वस्तुसूची हवी असेल तर महिन्याचे वा वर्षाचे पैसे मागणारी बरीच. एक स्वयंपाकघर आयुष्यात दोन-तीनदा करणाऱ्या कुटुंबाने वर्षाची वर्गणी का भरावी, हा व्यापाऱ्याच्या घरातला साधा प्रश्न होता. त्याचे उत्तर मिळेपर्यंत ती बंद झाली.

उरली दोन. पहिले स्वीट होम थ्रीडी. फ्रान्समधील इमॅन्युएल प्युबारे ह्यांनी तयार केलेले हे मुक्त स्रोत सॉफ्टवेअर संगणकावर उतरवून घेता येते. मग इंटरनेट नसले तरी चालते. ह्यात खोलीचा नकाशा वर आणि तिचे त्रिमित रूप खाली, असे दोन्ही एकाच वेळी दिसतात. बिल्डरने दिलेल्या नकाशाचा फोटो पाठीमागे ठेवून, त्यातले एक माहीत असलेले माप सांगून, त्यावरच भिंती गिरवता येतात. भिंत कोणत्याही कोनात काढता येते, म्हणून ते चार सूत इथे दाखवता आले. कपाटाची रुंदी, खोली, उंची हवी ती देता येते. पण कपाट म्हणजे त्याच्या दृष्टीने एक ठोकळा; त्याच्या आत किती फळ्या, कोणत्या जाडीच्या, हे ते सांगत नाही.

दुसरे स्केचअप. २००० साली आलेले, २००६ साली गूगलने विकत घेतलेले आणि २०१२ पासून ट्रिम्बल ह्या कंपनीकडे असलेले. ब्राउझरमध्ये चालणारी त्याची एक मोफत आवृत्ती घरगुती वापरासाठी आहे. ह्यात तयार कपाटे शोधत बसण्यापेक्षा प्रत्येक फळी स्वतः काढायची असते: १८ मिलिमीटरची बाजू, ६ मिलिमीटरची पाठ, वर लॅमिनेटची जाडी. शिकायला वेळ लागतो. नातवाचे दोन रविवार गेले आणि पहिली ट्रॉली उलटी तयार झाली. पण दुसऱ्या गाळ्याची ट्रॉली जेव्हा उभी राहिली तेव्हा तिने एक गोष्ट शिकवली. दोन्ही बाजूंच्या चॅनलना मिळून सुमारे एक इंच सोडावा लागतो, म्हणजे ५४३ च्या गाळ्यात पेटी जेमतेम ५१७ ची. आणि मागे गाळा दोन सूत अरुंद असल्यामुळे खरे तर ५११ ची. शोरूमच्या चित्रात ह्या जागी ६०० ची पेटी होती.

फळ्या कापण्याचा हिशेब आपोआप करून देणारी ओपनकटलिस्ट नावाची मोफत जोड स्केचअपला आहे. ती मोफत आवृत्तीत चालत नाही, संगणकावर बसणाऱ्या विकतच्या आवृत्तीतच चालते. इथे सुनेने ती खरेदी नाकारली आणि हिशेब स्वतः केला. तो व्यापारी घरांनी पाहण्याजोगा आहे. प्लायचा तक्ता आठ फूट बाय चार फूट, म्हणजे रुंदी ४८ इंच. उंच कपाट १८ इंच खोल धरले तर तक्त्यातून १८ च्या दोन पट्ट्या निघतात आणि १२ इंच उरतात. भिंतीवरच्या कपाटांची खोली मिस्त्रींनी १३ इंच सांगितली होती. तशी ठेवली तर ही उरलेली पट्टी वाया. ती १२ केली तरी अडचण, कारण करवतीचे पाते प्रत्येक कापाला सूतभर लाकूड खाते. म्हणून वरच्या कपाटांची खोली साडेअकरा इंच ठरली. दीड इंचाने ताटे, डबे कुठेही अडले नाहीत आणि उंच कपाटाच्या उरलेल्या पट्ट्यांतूनच वरच्या कपाटांच्या बाजू निघाल्या. पडद्यावरच्या कोणत्याही सुंदर चित्राने हा सल्ला दिला नव्हता. ओट्याखालचा आणि सिंकजवळचा माल आयएस ७१० ह्या मानकाचा, म्हणजे मरीन प्लाय, घ्यायचा. वरच्या कोरड्या कपाटांना आयएस ३०३ चा पुरे, हेही त्याच बैठकीत ठरले. अर्नाळ्याचा समुद्र हाकेच्या अंतरावर आहे. इथल्या पावसाळ्यात भुशाच्या दाबलेल्या फळीची कड फुगलेली ज्यांनी पाहिली आहे, त्यांना अधिक सांगावे लागत नाही.

इथवर सारे मापांचे झाले. बा अजून काही बोललेल्या नव्हत्या.

स्वीट होम थ्रीडीमध्ये घरात फिरून पाहण्याची सोय आहे. पडद्यावर एक माणूस चालतो आणि त्याच्या डोळ्यांना दिसते ते आपल्याला दिसते. त्या माणसाची उंची बदलता येते. नातवाने सहज म्हटले, "बा, तुमच्या उंचीनं बघू या." बांची उंची चार फूट दहा इंच. आकडा भरताच चित्र पालटले. वरच्या कपाटांची दुसरी फळी दिसत होती, पण ती आता डोक्यावर कितीतरी उंच होती. बा चष्मा सावरून बराच वेळ पाहत राहिल्या. मग त्यांनी विचारले, "ह्यात मी बसते कुठं?"

कोणालाही उत्तर देता आले नाही. बांचे गुडघे दुखतात, म्हणून जमिनीवर बसणे सुटले. पण मूग निवडणे, भाजी सुधारणे, खाखरे डब्यात भरणे ही कामे त्या ठेंगण्या स्टुलावर बसून स्वयंपाकघरातच करतात. हिवाळ्यात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. चौविहार सांभाळणाऱ्या घरात चारपासून साडेपाचपर्यंत ओट्यावर दोन माणसांचे हात चालतात; एकीकडे दुकानात पाठवायचा डबा, दुसरीकडे घरच्या पोळ्या, तिसऱ्या शेगडीवर उद्याचे उकळायचे पाणी. त्या वेळी बा बाहेरच्या खोलीत बसल्या तर काम दोन्हीकडे अडते. ओटा दोन फुटांचा, समोरचे कपाट दीड फुटाचे. मध्ये वाट उरते साडेतीन फुटांची, म्हणजे ४२ इंचांची. बसलेल्या माणसाला दोन फूट लागतात. मग उरतात १८ इंच, आणि ट्रॉली बाहेर येते २० इंच. सॉफ्टवेअरने हे आपणहून सांगितले नाही. त्याच्या सूचीत खुर्च्या होत्या, पण बा नव्हत्या. नातवाने दोन फुटांचा एक ठोकळा वाटेत ठेवला आणि ट्रॉली उघडून दाखवली तेव्हा ती ठोकळ्यात घुसली.

यंत्राला दोष देण्यात अर्थ नाही. आज जगभर जी बांधेसूद स्वयंपाकघरे दिसतात त्यांचे मूळ १९२६ च्या जर्मनीत, फ्रँकफुर्टच्या गृहयोजनेत आहे. मार्गारेट शुटे-लिहोट्स्की ह्या ऑस्ट्रियन वास्तुरचनाकार स्त्रीने आगगाडीतल्या भोजनडब्यांची स्वयंपाकघरे अभ्यासून, बाईची पावले आणि मिनिटे मोजून सुमारे १.९ बाय ३.४ मीटरचे एक स्वयंपाकघर आखले. बोळिंजच्या त्या खोलीहून ते किंचितच मोठे. ते हजारो घरांत बसले. त्यात तांदूळ, साखर, डाळी ह्यांसाठी नावे कोरलेले ॲल्युमिनियमचे खण होते आणि पिठासाठी मात्र ओकच्या लाकडाचा खण, कारण ओकमुळे पिठात अळ्या होत नाहीत. हे वाचून बांना त्या अनोळखी बाईविषयी आदर वाटला. त्या आखणीत खिडकीसमोर बसून काम करण्याचा ओटा होता आणि त्यापुढे एक फिरते स्टूलही होते. पुढे मार्गारेटबाईंनी स्वतःच सांगितले आहे की हे स्वयंपाकघर आखण्यापूर्वी त्यांनी कधी घर चालवले नव्हते की स्वयंपाक केला नव्हता. तरीही बसण्याची जागा त्यांना सुचली, कारण त्यांनी काम करणाऱ्या बाईला नीट पाहिले होते. त्या आखणीतून पुढे निघालेल्या पेट्या जगभर गेल्या. स्टूल मागे राहिले.

आराखडा पुन्हा उघडला गेला. समोरच्या भिंतीवर सात फूट जागा होती: अडीच फूट फ्रिजला, साडेचार फूट उंच कपाटाला. कपाट अडीच फुटांवर आणायचे आणि खिडकीकडचे दोन फूट बांच्या स्टुलासाठी मोकळे सोडायचे, असे सुनेने सुचवले. तिथे उजेड आहे, समोर सिंकखालचे साधे दार आहे, ट्रॉली नाही. मुलाला दोन फूट कपाट जाण्याचे वाईट वाटले. वर्षाचे धान्य कुठे ठेवायचे? तेव्हा मधला मार्ग निघाला: स्टुलाच्या वर कपाट चालू ठेवायचे, खालची जागा मोकळी सोडायची. संगणकावर साडेचार फुटांवर कपाट सुरू केले. बसलेल्या बांच्या डोक्यावर भरपूर अंतर दिसत होते.

मिस्त्रींनी मात्र ते चित्र पाहिले, खिशातला खडू काढला आणि कोऱ्या भिंतीवर साडेचार फुटांवर एक आडवी रेघ ओढली. रेघेवर प्लायचा एक तुकडा हाताने आडवा धरला आणि स्टूल खाली ठेवून म्हणाले, "बा, बसा. आता उठा." बा उठल्या आणि डोके तुकड्याला लागले. सगळे हसले, बाही हसल्या. रेघ पाच फूट दोन इंचांवर गेली. पडद्यावरचा माणूस चालतो, वळतो, पण गुडघ्यावर हात ठेवून पुढे झुकत उठत नाही.

कोपऱ्याचाही निकाल त्याच दिवशी लागला. दोन ओटे जिथे मिळतात तिथला दोन फूट बाय दोन फुटांचा अंधारा गाळा सॉफ्टवेअरमध्ये फिरत्या जाळ्या बसवून भरता येत होता. अशा जाळ्या मिळतात, महाग असतात आणि चांगल्या चालतातही. पण जाळीखालची फरशी रोज पुसता यायला हवी, हे सुनेचे म्हणणे होते. कोपऱ्यातला गाळा पाठीमागून टाइल लावून कायमचा बंद केला. चार चौरस फूट जागा गेली. जुन्या घरातल्या त्या अबोल्याची आठवण काढायची कोणाला गरज भासली नाही.

गॅसचा मीटर बंद कपाटात कोंडायचा नसतो, म्हणून तिथे शटरऐवजी जाळीचे दार आले. ट्रॉल्यांच्या तळाशी कोणतीही पट्टी नाही, सरळ झाडू जातो. मिस्त्रींना देण्यासाठी नातवाने प्रत्येक गाळ्याचे एक पान छापले. सुनेने त्या पानांवरच्या मिलिमीटरशेजारी हाताने इंच आणि सूत लिहिले. कारण पडद्यावर ५११ दिसले तरी करवतीपाशी 'वीस इंच एक सूत' हेच चालते. पाने ओट्याच्या वरच्या भिंतीला चिकटवली गेली. त्यांवर पेन्सिलीच्या दुरुस्त्या चढत गेल्या. चौथ्या गाळ्याचे पान तर इतके खोडलेले आहे की मूळ आकडा वाचता येत नाही.

अक्षय्यतृतीयेला कुंभ ठेवला गेला तेव्हा वरच्या एका कपाटाचे शटर यायचे होते आणि मिक्सरचा प्लग कोणीच न योजलेल्या जागी, फ्रिजच्या मागे, निघाला होता. तो अजून तिथेच आहे. मिक्सर लावायला फ्रिज सरकवावा लागतो. उंच कपाटाच्या तक्त्यातून उरलेल्या शेवटच्या पट्टीची मिस्त्रींनी खिडकीकडच्या त्या कोनाड्यात, स्टुलावर बसून हात जाईल अशा उंचीवर, एक लहान फळी ठोकून दिली. ती कोणत्याही आराखड्यात नव्हती. तिच्यावर बांचा चष्मा, मूग निवडायचे तबक आणि पूंजणी असते.